आठ पावलांचा रस्ता

चौथीच्या वर्गाने गावाचा नकाशा करायला घेतला, एवढंच झालं होतं. पण बिलोली तालुक्यातल्या चिंचाळवाडीत एवढंच होऊन थांबलं, असं आजवर कधी झालेलं नाही.

रईसा मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘आपली गल्ली, आपला नकाशा.’ शाळेपासून वेशीपर्यंतची मेन गल्ली पावलांनी मोजायची, आठ फुटी प्लायवूडवर पुठ्ठ्याची घरं उभी करायची आणि पुढच्या शनिवारी तालुक्याच्या गणित-विज्ञान प्रदर्शनात न्यायची. आगपेटीची एक काडी म्हणजे दहा पावलं, हे प्रमाणही ठरलं. मोजायचं कसं, तर टाचेला अंगठा भिडवत, एकापुढे एक पाऊल टाकत, मध्ये बोटभरही फट ठेवायची नाही.

“आन एक लक्षात ठेवा,” मॅडम म्हणाल्या. मॅडम मूळच्या नांदेडच्या, पण सहा वर्षांत चिंचाळवाडीचं ‘आन’ त्यांच्या जिभेवर बसलं होतं. “स्वतःचं घर स्वतः मोजायचं नाही.”

“कामून मॅडम?” हमजाने विचारलं.

“कारण आपलं घर आपल्याला मोठंच दिसतं.”

मॅडमचं हे वाक्य किती खरं होतं, हे पुढच्या आठवड्यात अख्ख्या गावाला कळलं. पण तेव्हा ते कुणी वहीत उतरवून घेतलं नाही.

वर्षाराणीला गल्लीची डावी बाजू मिळाली. ती वर्गातली सगळ्यात बुटकी पोर. लेझमीच्या रांगेत शेवटी, फोटोत पुढच्याच्या डोक्यामागे आणि नाटकात दरसाल ससा. मॅडमनी नकाशाच्या कोपऱ्यात तिच्यादेखत लिहिलं, ‘मोजणी – वर्षाराणी, हमजा.’ तेव्हा तिने ते तीनदा वाचलं आणि पाणी प्यायला जायचं निमित्त करून चौथ्यांदा येऊन वाचलं. ससा सोडून तिला मिळालेलं हे पहिलंच काम होतं.

आता गल्लीच्या मधोमध दोन घरं समोरासमोर आहेत, त्यांची ओळख करून द्यायला हवी. उजवीकडचं घर आप्पासाहेबांचं, म्हणजे वर्षाराणीच्या आजोबांचं. हे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. डावीकडचं हणमंतरावांचं. हे त्यांचे चुलतभाऊ, वयाने सहा महिन्यांनी धाकटे आणि समितीचे माजी अध्यक्ष. दोघांत भांडण म्हणावं असं काही नव्हतं. फक्त एकाने गेटला सोनेरी रंग दिला की दुसऱ्याच्या गेटवर आठ दिवसांत सिमेंटचे दोन सिंह येऊन बसत.

शुक्रवारी मॅडमच्या नियमाप्रमाणे वर्षाराणीने हणमंतरावांचं घर मोजलं आणि हमजाने आप्पासाहेबांचं. बाजूच्या बोळातून, मागच्या भिंतीपासून पुढच्या ओट्याच्या कडेपर्यंत. मग वर्षाराणीने दोन ओट्यांमधला रस्ताही मोजला. तिने चपला काढून, ओठ आवळून, अगदी मन लावून मोजलं. हमजानेही मन लावूनच मोजलं. पण त्या दिवशी त्याची चप्पल तुटली होती, म्हणून तो वडिलांची घालून आला होता.

शनिवारी समितीच्या बैठकीला आप्पासाहेब शाळेत आले. वर्गात नकाशा मांडलेला होता. चष्मा पुसून त्यांनी आधी स्वतःचं घर शोधलं, मग समोरचं. आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मॅडम! माहं घर अठ्ठावीस पावलं आन हणमंताचं अडतीस?”

“आप्पासाहेब, हा पहिला भाग आहे. सोमवारी मी मुलांना...”

“सोमवार गेला खड्ड्यात! त्याचं घर माह्या घराहून धा पावलं मोठं? अवं, त्याच्या बापानं माह्या बापाचं बघून बांधलंय ते! कोण मोजलं?”

वर्षाराणीने हात वर केला. खोटं बोलणं तिला येत नव्हतं आणि नकाशावर नाव तर लिहिलेलंच होतं.

आप्पासाहेब नातीकडे बघतच राहिले. घरी गेल्यावर त्यांनी तिला ओसरीवर उभं केलं आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली.

“मोजताना तिथं कोन कोन होतं?”

“धोंडाआजी होती.”

“काय म्हन्ली?”

“म्हन्ली, उन्हातान्हात मोजून राहिलीस, लाडू खा.”

“आन खाल्लास?”

“हाव. शेंगदाण्याचा होता.”

हणमंतरावांच्या बायकोचा लाडू! आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. “अगं, घरची नात आन एका लाडवाला फितूर? एक लाडू खाऊन धा पावलं वाढवलीस?”

“लाडू मोजल्यावर खाल्ला, आजोबा. आधी न्हाई.”

पण आजोबा ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्या दिवसापासून त्यांनी नातीशी बोलणं टाकलं. एरवी सकाळी तिच्या वेणीची रिबीनसुद्धा आजोबाच बांधत. आता ती रिबीन हातात धरून उभी राहिली की ते पेपर उलटा धरून वाचत बसत. वर्षाराणीला रडू आलं, पण ती रडली नाही. आपलं मोजणं बरोबर आहे हे आजोबांना पटवल्याशिवाय रडायचंसुद्धा नाही, असं तिने ठरवलं. हा हट्टही तिला आजोबांकडूनच आला होता.

सोमवारी मॅडमनी ठरलेला दुसरा भाग घेतला. शाळेचा व्हरांडा हमजाने मोजला, पन्नास पावलं. तोच व्हरांडा वर्षाराणीने मोजला, बहात्तर.

“एकच व्हरांडा, मग आकडे दोन कसे?” मॅडमनी विचारलं.

अकरा मुलं एकमेकांच्या पायांकडे बघायला लागली. हमजा स्वतःच्या पायातल्या वडिलांच्या चपलेकडे बघून म्हणाला, “मॅडम, पाऊल मोठं असलं की आकडा लहान येऊन राहिला!”

“शाब्बास! म्हणून मोजायचं तर सगळं एकाच मापाने मोजायचं.”

मॅडमना आनंदाने नाचावंसं वाटलं. हाच तर धडा होता. चौथीला तो पाच मिनिटांत समजला. समितीला समजावायला सव्वा तास लागला, तरीही तो अर्धाच समजला.

“म्हंजे पुन्यांदा मोजायचं,” आप्पासाहेबांनी त्यातून सार काढलं. “टेपनं मोजा.”

शाळेच्या टेपचे पहिले तीस सेंटीमीटर कधीच झिजून गेले होते. आप्पासाहेबांनी घरचा टेप देऊ केला, तर हणमंतराव म्हणाले, “आप्पाच्या घरचा टेप आप्पाकडूनच बोलंल.”

“मग सगळं एकाच मुलाच्या पावलांनी मोजू,” मॅडम म्हणाल्या. “कुणाच्या?”

“वर्षाराणीच्या!” हणमंतराव लगेच म्हणाले. “लेकरानं आमचं बराबर मोजलं. माहा तिच्या पावलावर भरवसा हाय.”

झाली का पंचाईत! नातीवर वैऱ्याचा भरवसा आणि आजोबांचा नाही. पण ‘माझ्या नातीच्या पावलांनी नको’ असं चारचौघांत कोणत्या तोंडाने म्हणणार? आप्पासाहेबांनी इतिवृत्ताच्या वहीत स्वतः मजकूर सांगितला, ‘बेस्तरवारी सकाळी दहा वाजता गावासमक्ष फेरमोजणी. घर म्हणजे मागच्या भिंतीपासून ओट्याच्या कडेपर्यंत. ओट्याची कड जिथं असेल तिथं घर संपेल.’ खाली दोघांनी सह्या केल्या.

ते शेवटचं वाक्य हणमंतरावांनी घरी जाताना वाटेत दोनदा मनात घोळवलं. ओट्याची कड जिथं असेल तिथं. मग कड कुठं असावी, हे कुणाच्या हातात आहे?

सोमवारी दुपारी त्यांनी आनंदराज गवंड्याला बोलावलं. “ओटा जरा पुढं घ्यायचा हाय. तीन पावलं.”

आप्पासाहेबांनी ते खिडकीतून बघितलं. मंगळवारी सकाळी आनंदराज आप्पासाहेबांच्या ओट्यावर हजर झाला. चार पावलं. दुपारी परत हणमंतरावांकडे, आणखी तीन. बुधवारी सकाळी इकडे तीन, दुपारी तिकडे तीन. एकच गवंडी, एकच थापी, एकच घमेलं. तेवढ्या तीन दिवसांत त्याने गल्ली इतक्या वेळा ओलांडली, की त्याची बायको म्हणाली, नकाशावर तुम्हालाच दाखवा. शहाबादी फरशी मात्र दोघांनी सारखीच निवडली, कारण दुकानात ती एकाच जातीची होती.

गावाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं की! पण दोघंही मोठे. येणारे-जाणारे मोटारसायकलवर, त्यांना जायला वाट होती. ट्रॅक्टरवाले मागच्या ओढ्यातून जात. “आपल्याला काय करायचं,” असं म्हणून जो तो पाय उचलून नव्या ओल्या सिमेंटवरून अलगद पलीकडे जात होता.

गुरुवारी दहाला सगळं गाव जमलं. वर्षाराणी चपला काढून आली. धोंडाबाई सवयीने लाडवाचा डबा घेऊन आल्या होत्या. वर्षाराणीने दोन्ही हात पाठीमागे बांधले. “आज न्हाई खात, आजी. मोजणी हाय.”

तिने आधी आजोबांचं घर मोजलं. सगळं गाव तोंडाने मोजत होतं. सत्तेचाळीस! आप्पासाहेबांची छाती फुगली. मग हणमंतरावांचं. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस... आणि तिचा अंगठा ओट्याच्या कडेला टेकला.

“सत्तेचाळीस,” वर्षाराणी म्हणाली. “बराबर.”

“बराबर? बराबर कसं व्हतंय? पुन्यांदा मोज!”

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा सत्तेचाळीस. दोन्ही भावांची तोंडं एकसारखीच उतरली. हरलो असतो तर निदान भांडता आलं असतं, असा भाव दोघांच्याही चेहऱ्यावर होता.

वर्षाराणी मात्र थांबली नव्हती. नकाशात रस्ताही होता. ती एका ओट्याच्या कडेपासून निघाली आणि दुसऱ्याच्या कडेला भिडली. तिला थोडं आश्चर्य वाटलं, म्हणून तिने परत मोजून पाहिलं. मग वहीत लिहिलं.

“मॅडम, रस्ता आठ.”

आप्पासाहेबांना राग काढायला जागाच हवी होती. “आठ? शुक्रवारी चोवीस लिवली व्हतीस ना गं? रस्ता काय धुवून आकसला? बगा हो लोकहो, ही मोजणी! माह्या घरालाबी हिनं असाच घोळ घातला. हिला मोजताच येत न्हाई!”

सगळ्या गावासमोर तो शब्द आला. वर्षाराणीचा चेहरा पांढरा पडला. मॅडम पुढे झाल्या, “आप्पासाहेब, मुलीने बरोबरच मोजलंय. तुम्ही स्वतः बघा की...”

“मला काई दाखवू नका. मी समितीचा अध्यक्ष हाय. आठ पावलांचा रस्ता तालुक्यात दाखवून गावाची बेइज्जती व्हऊ देणार न्हाई. एक तर ते आठ पुसा, न्हाई तर हिचं नाव पुसा. खोट्या मोजणीखाली माह्या नातीचं नाव मला नको.”

मॅडमनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी वर्षाराणी बोलली.

“नाव पुसा, मॅडम. आठ पुसू नका.”

वर्गात जाऊन तिने स्वतःच खोडरबर घेतलं. ‘मोजणी – वर्षाराणी’ मधलं ‘वर्षाराणी’ तिने घासून घासून काढलं. रस्त्याच्या जागी तिने दोन्ही आकडे लिहिले, शुक्रवार २४, गुरुवार ८, आणि खाली एक रेघ मोकळी ठेवली. प्लायवूडवर तो रस्ता एका काडीचासुद्धा भरत नव्हता. काडीचं टोक मोडून बसवावं लागलं. हमजा म्हणाला, “माहं बी नाव पुस.” तिने पुसलं नाही. मॅडम खिडकीबाहेर तोंड करून उभ्या राहिल्या. मॅडमनाही रडू येतं, हे चौथीला त्या दिवशी कळलं.

शनिवार उजाडला. साडेदहाच्या आत बिलोलीत नोंदणी करायची होती. एवढं मोठं प्लायवूड न्यायला गावात एकच गाडी होती, हमजाच्या वडिलांचा, जिलानीचा टेंपो. मंगळवारपासून तो शाळेजवळच्या लिंबाखाली उभाच होता, कारण जिलानीला ताप होता. आठ वाजता नकाशा मागे चढवला. मॅडम आणि दहा मुलं प्लायवूडभोवती बसली. मागे कडक इस्त्रीच्या धोतरात, मोटारसायकलवर आप्पासाहेब होते. प्रदर्शनात पाहुणे म्हणून त्यांना नारळ फोडायचा होता.

वर्षाराणी जाणार नव्हती. ती दोन ओट्यांच्या तोंडाशी उभी होती. टेंपो जवळ आला तसा तिने हात आडवा केला.

“चाचा, गाडी जायाची न्हाई.”

“कामून बेटा?”

“गाडी नऊ पावलं हाय. काल हमजानं मोजायला सांगितलं व्हतं, नकाशा बसतो का बघायला. आन रस्ता आठ हाय.”

जिलानी हसला. “अगं, पंधरा साल झाले ह्याच गल्लीतून गाडी काढून राहिलो. डोळे मिटून काढतो, देख!”

“जिलानी, घे पुढं!” मागून आप्पासाहेब ओरडले. “त्या पोरीच्या मोजणीच्या नादी लागू नको!”

जिलानीने डोळे मिटले नाहीत, पण मिटले असते तरी फरक पडला नसता. आधी दोन्ही आरसे आत वळले. मग ओट्यांच्या कोवळ्या कडा खरवडत डावीकडून ‘खर्र’ झालं, उजवीकडून ‘खर्र’ झालं आणि ‘खट्ट’ आवाज करून टेंपो दोन ओट्यांच्या मध्ये बुचासारखा बसला. जिलानीने मागे घ्यायचा गिअर टाकला. हणमंतरावांच्या ओट्याची एक फरशी सुटली आणि चाकाखाली जाऊन रुतली. आता पुढेही नाही आणि मागेही नाही. दार उघडायला गेला, तर दार ओट्याला टेकलेलं. दुसरं दार दुसऱ्या ओट्याला.

“या अल्ला!” जिलानी खिडकीतून डोकं काढून म्हणाला. “मॅडम, मी पॅक झालो!”

गल्ली बंद झाली म्हणजे गावच बंद झालं. आतून दुधाच्या कॅनवाला हॉर्न वाजवायला लागला, बाहेरून भाजीवाला. मागच्या वाटेवर कालव्याचं पाणी सुटलेलं, तिथे टेंपो काय, म्हैससुद्धा रुतत होती. साडेआठ वाजले. प्लायवूडवरची पुठ्ठ्याची घरं हलायला लागली आणि पोरांनी ती हातांनी धरली.

“हणमंता, तुझा ओटा काढ!” आप्पासाहेब गरजले.

“मी कामून? तुझा काढ! रस्त्यावर तुझा जास्त आलाय!”

“तुझा जास्त!”

“इच्चारा कुनालाबी!”

विचारणार कुणाला? सगळ्या गावाने मान खाली घातली. आणि मग रईसा मॅडमनी, टेंपोच्या मागच्या फाळक्यावर उभ्या राहून, वर्गात लावतात तोच आवाज लावला.

“चौथीचा वर्ग! गणित काढा!”

दहा पोरं सरळ बसली. अकरावी रस्त्यावर ताठ उभी राहिली.

“वर्षाराणी, शुक्रवारी रस्ता किती होता?”

“चोवीस.”

“गुरुवारी?”

“आठ.”

“किती पावलं कमी झाली?”

“सोळा!” सगळा टेंपो ओरडला. हमजाने खिशातला खडू काढून टेंपोच्या बाजूवरच लिहिलं.

“शुक्रवारी हणमंतरावांचं घर किती होतं?”

“अडतीस. गुरुवारी सत्तेचाळीस.”

“म्हणजे त्यांनी किती वाढवलं?”

“नऊ!”

“सोळातून नऊ गेले?”

“सात!”

“हे सात कुणाचे?”

कुणी ओरडलं नाही. वर्षाराणी हळू म्हणाली, “आमच्या ओट्याचे.”

हणमंतरावांचे कान लाल झाले. पण आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर दुसराच हिशोब चालला होता. त्यांचे ओठ हलत होते, बोटं पेरांवर फिरत होती.

“थांब, थांब. सत्तेचाळीसातून सात गेले तर माहं मूळचं घर...”

“चाळीस,” वर्षाराणी म्हणाली. “तुमचं चाळीस व्हतं आजोबा. धाकल्या आजोबांचं अडतीस. तुमचंच दोन पावलं मोठं व्हतं. आधीपासूनच. हमजानं चाचाच्या चपलेनं मोजलं म्हणून अठ्ठावीस भरलं.”

आप्पासाहेब ओट्यावर मटकन बसले. ज्यासाठी तीन दिवस फरशी आणली, सिमेंट कालवलं, नातीशी बोलणं टाकलं, ते आधीपासून त्यांचंच होतं! आणि ते सांगणारी पोर आठवडाभर त्यांच्यासमोर रिबीन धरून उभी होती.

ते उठले. धोतर खोचलं. “आनंदराज! पहार आण. माही सात पावलं आत्ताच्या आत्ता काढ!” मग हळूच हणमंतरावांकडे बघून म्हणाले, “मूळ घर मोठं असलं की मानूस सात पावलं सोडू शकतो.”

हे हणमंतरावांच्या जिव्हारी लागलं. पण सहा महिन्यांनी धाकटा असला तरी भाऊ त्याच मातीचा. “मायला, तू सात सोडतोस? मी नऊ सोडतो! आनंदराज, आधी इकडं ये. गावासाठी नऊ पावलं सोडणारा हाय कुनी? लिवून घ्या मॅडम, हणमंतराव नऊ, आप्पा सात!”

“असं?” आप्पासाहेब म्हणाले. “मग माही बी नऊ! जुन्या ओट्यातली दोन वरून!”

“मी अकरा...” हणमंतरावांनी सुरुवात केली, पण धोंडाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. “आता बस करा. तुमी दोघं असेच सोडत गेलात, तर म्या सैपाक कुठं करू, रस्त्यावर?”

गाव खदखदून हसलं. आठवडाभर अडकलेलं हसू होतं ते. मग कुणी पहार आणली, कुणी घण आणला. बांधकाम कोवळंच होतं, फरश्या पापडासारख्या निघत होत्या. आप्पासाहेब इस्त्रीच्या धोतरात स्वतः विटा उचलत होते. भाजीवाला, दूधवाला, सगळे हाताला हात लावून घमेली पुढे सारत होते. आनंदराज तेवढा म्हणाला, “बांधायला तीन दिवस, पाडायला अर्धा तास. धंदा उलटा करायला पायजे.” सव्वानऊला जिलानीचं दार उघडलं. तो खाली उतरला, आधी पाय झटकले, मग वर्षाराणीसमोर उभा राहून त्याने सलाम ठोकला.

“बेटा, पंधरा साल गाडी चालवली, पण नाप तुझाच खरा.”

वर्षाराणी खाली वाकली होती. ती रस्ता मोजत होती. “मॅडम, सव्वीस!” तिने टेंपोत चढून मोकळ्या रेघेवर लिहिलं, ‘शनिवार २६.’

आप्पासाहेब फाळक्याजवळ आले. हाताला सिमेंट, धोतराला माती. नकाशाच्या कोपऱ्यात, खोडरबरने पांढरी झालेली जागा त्यांनी बघितली. हमजाच्या हातातलं स्केचपेन घेतलं आणि अध्यक्षांच्या सहीइतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘वर्षाराणी.’

“लोकहो,” ते वळून म्हणाले, “माह्या नातीला मोजता येतं. मलाच वाचता येत नव्हतं. हिचं मोजणं खरं, माहं बोलणं खोटं.”

मग त्यांनी खिशातून नवी रिबीन काढली. चार दिवस ती त्यांच्याच खिशात होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथंच, टेंपोच्या फाळक्याशी, सगळ्या गावासमोर त्यांनी नातीची वेणी बांधली. आता मात्र वर्षाराणी रडली. आठवड्याचं सगळं एकदाच रडून घेतलं आणि टेंपोत चढली.

बिलोलीला साडेदहाला पाच मिनिटं असताना नोंदणी झाली. परीक्षक साहेबांनी नकाशा वरून-खालून बघितला.

“हे एक पाऊल म्हणजे नेमकं किती?”

वर्षाराणीने चप्पल काढली आणि पाय टेबलावर ठेवला. “मोजा सर.” सरांनी पट्टी लावली. बरोबर अठरा सेंटीमीटर.

“आणि हा रस्ता? चोवीस, मग आठ, मग सव्वीस? एका आठवड्यात रस्ता दोनदा बदलतो का?”

“आमच्याकडं बदलतो, सर,” ती म्हणाली. “म्हणून वार लिवले.”

सर इतके हसले, की शेजारच्या टेबलावरचा कागदी ज्वालामुखी पडला. पहिला नंबर चिंचाळवाडीचा आला. ढाल वर्षाराणीपेक्षा थोडीच बुटकी होती.

संध्याकाळी टेंपो हॉर्न वाजवत गावात शिरला आणि सव्वीस पावलांच्या रस्त्यातून आरसे न वळवता थाटात आत आला. दोन्ही ओट्यांवर दोन्ही भाऊ उभे होते. मध्ये धोंडाबाई डबा घेऊन होत्या. फटाके फुटले, ढाल गल्लीभर फिरली आणि हमजा वडिलांच्या चपलेत नाचला.

“घे आता लाडू,” आप्पासाहेब नातीला म्हणाले. “मोजणी झाली ना?”

वर्षाराणीने लाडू घेतला, अर्धा खाल्ला आणि विचारात पडली.

“आजोबा, पुढल्या साली परत मोजावं लागंल.”

“कामून गं? आता तर दोघांचंबी अडतीस-अडतीस बराबर हाय.”

“माहं पाऊल वाढून राहिलंय ना. पाऊल मोठं झालं की आकडा लहान येतो. पुढल्या साली तुमचं घर छत्तीसच भरंल. त्याच्या पुढल्या साली चौतीस.”

समोरच्या ओट्यावर हणमंतरावांनी कान टवकारले. आप्पासाहेबांनी आपल्या घराकडे बघितलं, सोनेरी गेटाकडे बघितलं, मग खाली, शेंगदाण्याच्या चुऱ्याने माखलेल्या त्या अठरा सेंटीमीटरच्या पायांकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, घर लहान होणार हे ऐकून, ते मोठ्याने हसले.

“घटू दे घर,” ते म्हणाले. “तू वाढ.”